एकोणीस सेकंदांचा रस्ता

परवा मुलगा गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसले होते. हायवेवर एक बोर्ड आला, पुढे वेग मोजणारा कॅमेरा आहे म्हणून. मुलाने निमूटपणे वेग कमी केला, कॅमेऱ्याचा खांब मागे पडेपर्यंत शहाण्यासारखा गेला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हा काय मूर्खपणा आहे, आई? कॅमेरा कुठे आहे ते आधीच सांगून ठेवतात. मग पकडणार कोणाला? लपवून लावायला पाहिजेत."

"तू हळू गेलास ना?" मी विचारलं.

"गेलो."

"मग झालं तर."

त्याला काही ते पटलं नाही. त्याच्या आजोबांनाही, म्हणजे माझ्या अण्णांनाही, ते एकदम पटलं नव्हतं. त्यांना पटायला तीन आठवडे लागले, तेही कात्रपच्या रस्त्यावर एका चिंचेच्या झाडामागे बसून. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. तोंडाने फटकळ आणि सकाळी उठायला महाआळशी. जे झालं त्यात माझ्या आळसाचाही हात होता, म्हणून आधीच सांगून टाकते.

नव्वदच्या आसपास आम्ही उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून बदलापूरला, कात्रपला राहायला आलो. कॅम्पात दोन खोल्या होत्या, इथे तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, आणि फ्लॅटला चक्क गॅलरी. हॉलमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आधी लागला, पंखा नंतर लागला. घरात आम्ही चौघं. आई, अण्णा, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेली धाकटी.

अण्णा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. त्यांचं काम कोणाला सांगायची मला लहानपणी लाज वाटायची. ते 'टाइम स्टडी'त होते. म्हणजे हातात स्टॉपवॉच घेऊन कामगारांजवळ उभं राहायचं, एक नट बसवायला किती सेकंद लागले, एक पेटी भरायला किती मिनिटं लागली, हे लिहायचं. त्यावरून साहेब लोक ठरवायचे की एका पाळीत एका माणसाकडून किती काम निघालं पाहिजे. आता हे घड्याळ समोर दिसलं की कामगार काय करणार? हात हळू चालवणार. अण्णा खात्यात शिरले की कोणीतरी पाना पाइपवर दोनदा आपटायचं. टण टण. आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि अख्ख्या खात्याचे हात एकदम जड व्हायचे.

मग अण्णा लपायला शिकले. खांबामागे, मालाच्या रॅकमागे उभं राहून, खिशातल्या खिशात घड्याळ दाबून ते वेळ मोजायचे. त्यात ते इतके तरबेज झाले की साहेब खूश आणि कामगार नाराज. कॅम्पातल्या आमच्या गल्लीत त्यांच्याच खात्यातली दोन घरं होती. जयंतीच्या मंडपात ती माणसं अण्णांशेजारी खुर्ची रिकामी असली तरी बसायची नाहीत. कात्रपला यायची घाई सगळ्यांत जास्त अण्णांनाच होती.

धाकटीला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला होता. डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे बुटाला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या, आणि उजव्या हातात काठी. बाकी ती आमच्या घरातली सगळ्यांत खमकी. तिची नवी शाळा आमच्या बिल्डिंगच्या अगदी समोर होती, मध्ये फक्त रस्ता. पण तो रस्ताच नडत होता. बदलापुरात तेव्हा जिकडे तिकडे इमारती उठत होत्या, त्यामुळे विटांचे, वाळूचे ट्रक सकाळपासून सुरू व्हायचे. त्यात उल्हासनगरहून माल घेऊन येणारे टेम्पो. एका बाजूने रस्ता सरळ होता आणि नाल्यावरच्या अरुंद मोरीमुळे गाड्या आपोआप हळू यायच्या. दुसऱ्या बाजूला मात्र वळण होतं, वळणावर मोठी चिंच. चिंचेआडून गाडी कधी बाहेर येईल याचा नेम नसायचा, आणि आली की सुसाट यायची. रस्त्यात माणूस दिसलं तर ड्रायव्हर ब्रेक मारायचे नाहीत, हॉर्न मारायचे. हॉर्न ऐकला की माणसाने पळावं, असा सगळा हिशोब. धाकटीला पळता येत नव्हतं.

म्हणून रोज सकाळी तिला रस्ता ओलांडून शाळेत सोडायचं काम माझ्याकडे होतं. शाळा सात दहाची. मी उठायचे पावणेसातला, तेही आईने तीनदा हाक मारल्यावर. प्रार्थना सुरू झाल्यावरच आम्ही गेटात. धाकटी जिन्यात बूट घालून बसलेली असायची आणि माझी वाट बघत काठीने पायरीवर ठकठक करायची.

पाचवीत दिवाळीच्या सुट्टीनंतर मॉनिटर बदलायचा होता. धाकटीने हात वर केला. बाई चांगल्या होत्या, त्यांनी तिला जवळ बोलावून सांगितलं की मॉनिटरला सगळ्यांच्या आधी यावं लागतं, वर्ग उघडायचा, फळ्यावर तारीख लिहायची. तू ताईवर अवलंबून आहेस, तुला कसं जमणार? नाताळच्या सुट्टीनंतर मी पुन्हा मॉनिटर बदलणार आहे, तोपर्यंत तुझं तू वेळेवर यायला लाग, मग बघू.

घरी येऊन तिने दप्तर फेकलं. "मी आता एकटी जाणार," ती म्हणाली. "नाहीतर शाळेत जाणारच नाही."

"मी सोडतो रोज," अण्णा म्हणाले. "साडेसहाला सोडतो, मग तर झालं?"

"तुम्ही सोडलंत तर बाई म्हणतील, आधी ताई आणायची, आता वडील आणतात."

आईने समजावलं, मी ओरडले. खरं तर मला अपराधी वाटत होतं, पण तोंडातून निघालं ते, "जा मग, ट्रकखाली जा!" असं. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. धाकटी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गॅलरीत बसून समोरच्या शाळेतली प्रार्थना ऐकत राहिली. माझे मामा आले होते, ते म्हणाले, कशाला एवढा त्रास, पोरीला घरीच शिकवा. हे ऐकून आईचा चेहरा असा उतरला की मला मामांना जिन्यावरून ढकलावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी अण्णांनी कपाटातून स्टॉपवॉच काढलं. कारखान्याने नवी घड्याळं घेतली तेव्हा जुन्यांतलं एक त्यांना मिळालं होतं. बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत त्यांनी खडूने दोन रेघा मारल्या, मधलं अंतर रस्त्याच्या रुंदीएवढं, आणि धाकटीला म्हणाले, "चाल. नेहमीसारखी."

ती चालली. एकोणीस सेकंद. पुन्हा चालली. एकोणीस. तिसऱ्यांदाही एकोणीस.

मग ते रस्त्यावर गेले आणि चिंचेपासून आमच्या समोरच्या जागेपर्यंत गाड्या किती वेळात येतात ते मोजून आले. अकरा सेकंद. कोणी बारा, कोणी दहा. म्हणजे रस्ता मोकळा बघून धाकटीने पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी चिंचेआडून ट्रक आला, तर ती जेमतेम मध्यावर असणार.

"जरा भरभर चाल ना मग!" मी तिला म्हटलं. तिने प्रयत्न केला, काठी घसरली आणि ती खडूच्या रेघेवर पडली. कोपर सोललं. मी उचलायला गेले तर तिने माझा हात झटकला.

अण्णा तिच्यापाशी खाली बसले. "तुला एकोणीस लागतात ना? मग तुझे एकोणीस ठरले. त्यातला एक सेकंद कमी करायचा नाही. कमी करायचं ते गाड्यांनी."

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाचे सेकंद कमी करत आलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

आता गाड्या हळू कशा करायच्या? तळमजल्यावर एक निवृत्त साहेब राहायचे, तेही कुठल्याशा कारखान्यात मोठे ऑफिसर होते. त्यांचं मत ठाम होतं. "या लोकांना वचक पाहिजे. तुम्ही दिसू नका. लपून नंबर टिपा, वेळ टिपा, आणि वही थेट चौकीवर द्या. दोघाचौघांना झटका बसला की बाकीचे सुतासारखे सरळ येतील." मलाही ते एकदम पटलं. माझा स्वभावच तसा, कोणाला तरी धडा शिकवायचा म्हटलं की मला हुरूप यायचा. अण्णांना तर ते पटणारच होतं, कारण लपून मोजण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी सव्वासहाला चिंचेमागे दोन विटांवर बसू लागले. मांडीवर वही, हातात घड्याळ. थंडी पडली होती, म्हणून कानाला मफलर. झाडाच्या बुंध्याशी एकजीव झाल्यासारखे बसायचे, मी चहा घेऊन जायचे तर मलाच आधी दिसायचे नाहीत. गाडीचा नंबर, कसली गाडी, किती सेकंद, सगळं सुवाच्य अक्षरात लिहायचे. सव्वासातला उठून घरी यायचे आणि तयार होऊन कामाला जायचे. धाकटी गॅलरीतून हे बघायची. अण्णा आपल्यासाठी काहीतरी करतायत म्हणून ती नाताळपर्यंत माझ्याबरोबर शाळेत जायला कशीबशी तयार झाली होती, पण एका अटीवर. मी साडेसहाला उठायचं. मग काय, उठू लागले मी.

तीन आठवड्यांनी वही भरत आली. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून चौकीवर गेले. तिथल्या हवालदारांनी वही शेवटपर्यंत चाळली, अक्षराचं कौतुक केलं, चहा पाजला आणि म्हणाले, "काका, तुमच्या घड्याळावर आम्हाला पावती फाडता येत नाही हो." त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण अण्णा घरी आले तेव्हा वही त्यांनी टीव्हीवर अशी ठेवली की मला त्यांच्याकडे बघवेना. त्यातही वाईट गोष्ट वेगळीच होती. पहिल्या पानावर अकरा, दहा, बारा होते आणि शेवटच्या पानावरही अकरा, दहा, बारा. आम्ही एवढं टिपलं आणि एकही गाडी अर्ध्या सेकंदानेसुद्धा हळू झाली नव्हती. नाताळ आठवड्यावर आला होता.

तरी दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा चिंचेमागे जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा एक टेम्पो झाडाखाली येऊन थांबला. इंजिन तापलं होतं. ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन खाली उतरला आणि बुंध्यामागे मफलरवाला माणूस बघून दचकलाच. दोन नंबर कॅम्पातल्या फर्निचरवाल्याचा टेम्पो होता, मागे दोऱ्यांनी बांधलेली कपाटं. ड्रायव्हर सिंधी, तिशीतला, मराठी चांगली बोलायचा, मधूनच हिंदी मिसळून.

"काय काका, इधर काय करताय? हजेरी घेताय काय आमची?"

अण्णांनी वही उघडली. "तुझी गाडी काल दहा सेकंदांत गेली. त्याच्या आधी सोमवारी साडेदहा."

त्याने वहीत डोकावून बघितलं, स्वतःचा नंबर वाचला आणि कपाळावर हात मारला. "आयला, रोजचा हिशोब! पण कायको?"

अण्णांनी त्याला धाकटीबद्दल सांगितलं. एकोणीस सेकंदांचंही सांगितलं. तो डबा हातात धरून ऐकत राहिला. मग जरा चिडूनच म्हणाला, "मग काका, झाडाच्या मागे बसून काय फायदा? मला कसं कळणार तुम्ही आहात? दिसला असता तर पाय ऑटोमॅटिक ब्रेकवर गेला असता ना. आमचा शेठ गोडाऊनमध्ये उभा असला की आम्ही कपाट हळू ठेवतो. नसला की टाकतो. तो लपून बघत असला, तर कपाटाला काय उपयोग? कपाट तर फुटलंच ना."

एवढं बोलून त्याने इंजिनात पाणी ओतलं आणि तो गेला. जाताना मात्र हळू गेला. अण्णांनी घड्याळ दाबलं की नाही मला आठवत नाही. ते हसत होते. आधी नुसते खांदे हलले, मग ते मोठ्याने, ठसका लागेपर्यंत हसले. मला वाटलं यांना थंडी बाधली.

"पाना," ते म्हणाले. "टण टण. मी दिसलो की अख्खं खातं हळू व्हायचं. बावीस वर्षं त्यावर मी रागावत होतो, आणि इथे मला तेच पाहिजे होतं गं!"

त्या संध्याकाळी त्यांनी प्लायवूडच्या एका पेटीचं झाकण आणलं आणि पिवळा रंग दिला. वर काळ्या अक्षरांत मराठीत लिहिलं, 'सावकाश. येथे वेळ मोजतात.' खाली ड्रायव्हरांसाठी हिंदीत, 'धीरे. टाइम चालू है.' डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट. स्वयंपाकघरातलं स्टूल नेलं, त्यावर बोर्ड टेकवला, आणि दुसऱ्या दिवशी अण्णा चिंचेच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, हात उंच करून घड्याळ धरून उभे राहिले. सगळ्या कात्रपला दिसतील असे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या वर्गातल्या मुली त्याच रस्त्याने क्लासला जायच्या. तळमजल्यावरचे साहेब म्हणाले, "अहो, असं सांगून कोणी पकडतं का?" अण्णा म्हणाले, "पकडायचं कोणाला आहे?"

आणि गाड्या हळू झाल्या. मी गॅलरीतून स्वतः बघितलं. पोलीस आहे, सरकारी माणूस आहे की वेडा आहे, हे कोणाला कळत नव्हतं, पण पिवळं काहीतरी आणि हातात घड्याळ दिसलं की पाय ब्रेकवर जात होते. दोन दिवसांत आणखी एक गंमत झाली. इकडून गेलेले ड्रायव्हर समोरून येणाऱ्यांना डिपर मारून सांगू लागले, पुढे कोणीतरी उभं आहे, सांभाळून. दिव्यांची ती उघडझाप बघून अण्णा खूश. ज्यांना इशारा मिळायचा ते अण्णा दिसायच्या आधीच हळू व्हायचे.

पण घड्याळ कोणाची भीड ठेवत नाही. चिंचेपासून आमच्यापर्यंत आता सतरा सेकंद लागत होते. सतरा, कधी साडेसतरा. वळण घेऊन झाल्यावर अण्णा दिसायचे, मग ब्रेक लागायचा, तोपर्यंत थोडा रस्ता सरलेला असायचा. दोन सेकंद कमी पडत होते.

रात्री जेवताना अण्णा भाताच्या शितांनी ताटात रस्ता काढून विचार करत होते. धाकटीने बोट ठेवलं.

"तुम्ही चिंचेच्या पलीकडे उभे राहा ना. वळणाच्या आधी. म्हणजे त्यांना तुम्ही आधीच दिसाल."

"पण तिथून मला तू दिसणार नाहीस," अण्णा म्हणाले.

"मी कशाला दिसायला पाहिजे? गाड्यांना तुम्ही दिसायला पाहिजे," ती म्हणाली आणि पुढे म्हणाली, "आणि मलाही तुम्ही दिसायला नको. दिसलात तर मी एकटी कुठे गेले?"

आईने उगाच सगळ्यांना आमटी वाढली. माझे वडील जन्मभर दुसऱ्याला न दिसता बघत आले होते. आता त्यांनी सगळ्यांना दिसायचं होतं आणि जे एकच बघायचं होतं ते बघायचं नव्हतं. मला त्यांची इतकी दया आली की धाकटी हात धुवायला उठल्यावर पहिल्यांदाच मी कोणी न सांगता हळूच म्हटलं, "मी गॅलरीतून बघेन. घड्याळ मला द्या."

शाळेला नाताळची सुट्टी लागली होती. त्या दिवसांत आम्ही तालीम केली. अण्णा वळणाच्या पलीकडे, बोर्ड, हेल्मेट, आणि हातात स्टॉपवॉचऐवजी आईचं जुनं अलार्मचं घड्याळ, कारण स्टॉपवॉच गॅलरीत माझ्याकडे. लांबून ड्रायव्हरला काय फरक कळतोय? मी वरून मोजायचे. चिंच ते आमची बिल्डिंग, तेवीस. चोवीस. बावीस. चार सकाळी मोजलं, एकही गाडी एकविसाच्या खाली आली नाही. वळणापलीकडून आमच्या बिल्डिंगचा तिसरा मजला दिसायचा, म्हणून धाकटीच्या नकळत ठरलं की ती पलीकडे पोचली की मी कठड्यावर लाल टॉवेल टाकायचा. तो दिसेपर्यंत अण्णांनी जागा सोडायची नाही.

शाळा उघडली त्या दिवशी मी सहाला उठले होते. आईने धाकटीची वेणी घालताना रिबन दोनदा सोडून बांधली. धाकटी जिना उतरू लागली. मी तिच्यामागे दोन पायऱ्या गेले तर तिने मागे न बघता काठी आडवी धरली. मी परत फिरले. आई स्वयंपाकघरात जाऊन एकच पातेलं घासत राहिली. "तू बघ, मला सांग," ती म्हणाली, "मी नाही बघणार."

गॅलरीत मी कठड्याला खेटून उभी राहिले. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात टॉवेल. खाली धाकटी रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. तिने मोरीकडे बघितलं, चिंचेकडे बघितलं. रस्ता मोकळा होता. तिने काठी पुढे टाकली आणि मी घड्याळ दाबलं.

काठी, पाय, कॅलिपरचा पाय. काठी, पाय, कॅलिपरचा पाय. ती बरोबर मध्यावर होती तेव्हा चिंचेआडून विटांचा ट्रक बाहेर आला. पण ट्रक पाय ओढत आल्यासारखा येत होता. मागे कपाटं लादलेला तो टेम्पोही होता, तोही तसाच. ट्रकवाल्याने तिला बघितलं आणि वेग आणखी कमी केला. हॉर्न वाजला नाही. त्या रस्त्यावर गाडी समोर असताना हॉर्न न वाजल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. धाकटीने एकदाही घाई केली नाही. तिचे जेवढे होते तेवढे सेकंद तिने घेतले. पलीकडच्या फुटपाथवर काठी टेकली, पाय टेकला, कॅलिपरचा पायही टेकला, आणि सरळ शाळेच्या गेटाकडे चालू लागली. मला काही दिसेनासं झालं. डोळे पुसायला मी हातातला टॉवेलच वापरला, मग आठवलं आणि तो कठड्यावर टाकला.

"गेली," मी आत ओरडले. पातेल्याचा आवाज थांबला.

अण्णा बाकीची पोरं जाईपर्यंत थांबून साडेसातला वर आले. हेल्मेट काढायचंही विसरले होते. दारातूनच त्यांनी विचारलं, "किती?"

मी मूठ उघडली. घड्याळ चालूच होतं. ती पोचली तेव्हा दाबायचं मी विसरले होते, काटा फिरत फिरत पार कुठल्या कुठे गेला होता. आता ओरडा बसणार म्हणून मी मान खाली घातली. मोजणीत चूक झालेली अण्णांना खपत नसे. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, थोडा वेळ काट्याकडे बघितलं आणि न थांबवताच खिशात टाकलं. "ट्रक होता का रस्त्यात?" त्यांनी विचारलं.

"होता. हळू आला."

"मला ट्रक जाताना दिसला," ते म्हणाले. "पुढचं काही दिसत नव्हतं गं." आणि न्हाणीघरात जाऊन त्यांनी बराच वेळ तोंड धुतलं.

दुपारी शाळेच्या शिपाईण बाईंनी नेहमीप्रमाणे धाकटीला रस्ता ओलांडून आणलं, त्यांचं घर आमच्याच बाजूला होतं. जिना मात्र ती एकटी चढली. बोटांना, फ्रॉकला, नाकालासुद्धा खडू. सगळ्यांच्या आधी पोचून फळ्यावर तारीख तिने लिहिली होती, बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, हे सगळं तिने बूट काढता काढता सांगितलं. मग माझ्याकडे रोखून बघितलं.

"ताई, तू गॅलरीत होतीस ना?"

"छे. तू गेल्यावर मी परत झोपले."

"लाल टॉवेल गेटातून दिसतो," ती म्हणाली. "आणि गाड्या हळू येत होत्या, म्हणजे अण्णा पलीकडे होते."

आता ही रुसणार, उद्यापासून पुन्हा शाळा बंद, असं मला वाटलं. तिने कॅलिपरचा पट्टा सोडला, पायावर उठलेला वळ चोळला.

"पण रस्त्यात मी एकटीच होते ना?" तिने विचारलं.

"एकटीच होतीस," मी म्हटलं.

"मग झालं तर," धाकटी म्हणाली आणि जेवायला वाढ म्हणाली.